लाल एलची पारख : रंग, कडवटपणा आणि गुणांचा हिशेब

अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट जेथून फुटते, ते फर्दापूर हे सोयगाव तालुक्यातील गाव. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथून सुमारे शंभर किलोमीटर, तर जळगावहून साठेक. दिवसभर लेण्यांच्या पायऱ्या चढून-उतरून थकलेला प्रवासी येथे मुक्कामाला थांबतो. त्यात कोणी बिअरचा शौकीन असेल, तर त्याला विचारला जाणारा प्रश्न महाराष्ट्रात सर्वत्र असतो तोच : 'माइल्ड की स्ट्राँग?' चवीबद्दलचा प्रश्न त्यानंतर येत नाही.

हा प्रश्न याच जिल्ह्यात विचारला जावा, यात एक विसंगती आहे. देशातील बिअरनिर्मितीच्या प्रमुख केंद्रांत छत्रपती संभाजीनगरची गणना होते. वाळूज औद्योगिक वसाहतीत 'फॉस्टर्स'ने १९९० च्या दशकात कारखाना उभारला. २००६ मध्ये तो 'सॅबमिलर'कडे आणि २०१६ मध्ये त्या कंपनीच्या विलीनीकरणातून 'एबी इनबेव्ह'कडे गेला. 'कार्ल्सबर्ग'चाही कारखाना या जिल्ह्यात आहे. असे असूनही येथून बाहेर पडणारी बहुतांश बिअर एकाच घराण्यातील, म्हणजे फिकट पिवळी, स्वच्छ आणि थंडगार प्यावयाची 'लागर' असते. पिणाऱ्याची जीभ त्याच चवीवर वाढलेली असते. अशा जिभेसमोर हॉप्सचा भरपूर वापर केलेली लाल 'एल' आली, की पहिली प्रतिक्रिया बहुधा 'फार कडू आहे' अशीच उमटते.

ती प्रतिक्रिया चुकीची नाही, पण अपुरी आहे. कडू किती, कोणत्या प्रकारचे, आणि त्या कडूपणाला तोलून धरणारे गोड काही आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय अशा बिअरला चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही. ते कसे पाहावे, याचे एक शास्त्र तयार झाले आहे.

एल आणि लागर

बिअरचे दोन मोठे वर्ग पडतात ते यीस्टवरून. लागरचे यीस्ट थंडीत, साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला, सावकाश काम करते आणि मागे फारसा वास ठेवत नाही. एलचे यीस्ट १८ ते २२ अंशांच्या उबेत भराभर काम करते आणि फळांसारखे काही गंध मागे सोडते. रंगाचा या वर्गवारीशी संबंध नाही. लागर काळीही असते आणि एल फिकटही असते.

लाल रंग येतो तो धान्यातून. बार्ली म्हणजे सातू भिजवून, मोड आणून वाळवला की त्याचे मॉल्ट होते. ओले मॉल्ट तापवून दाण्याच्या आतच साखर तयार होऊ दिली आणि मग ते भाजले, तर 'क्रिस्टल' किंवा 'कॅरमेल' मॉल्ट मिळते. लाल एलमध्ये फिकट मॉल्टच्या जोडीला हे मॉल्ट वापरतात. काही जण त्यात चिमूटभर काळी भाजलेली बार्लीही टाकतात. तिचे प्रमाण एक-दोन टक्क्यांपुरतेच असेल, तर भाजका स्वाद जाणवत नाही, मात्र पेल्यात माणकासारखी झाक उतरते. काकवी, टॉफी, खरपूस भाजलेला पाव या चवीही याच धान्यातून येतात.

कडवटपणा हॉप्सचा. भांगेच्या कुळातील या वेलीच्या मादी फुलांत राळेसारखे द्रव्य असते. त्यातील 'अल्फा आम्ले' उकळताना रूप बदलतात आणि कडू होतात. त्यामुळे उकळीच्या आरंभी टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात. शेवटच्या काही मिनिटांत टाकलेल्या हॉप्सचे सुगंधी तेल उडून जात नाही, म्हणून ते वास आणि स्वाद देतात. आंबवण्याची क्रिया झाल्यावर थंड बिअरमध्ये हॉप्स भिजत घालण्याला 'ड्राय हॉपिंग' म्हणतात. मोसंबीची साल, पपनस, पिकलेला आंबा, चीडाच्या लाकडाची राळ अशा ज्या वासांसाठी या बिअरची ख्याती आहे, ते प्रामुख्याने येथे मिळतात. भारतात हॉप्सची लागवड हिमाचलातील लाहौल खोऱ्यात होते. पण क्राफ्ट बिअर करणाऱ्यांची भिस्त मुख्यतः आयात हॉप्सवर असते.

मराठी जिभेला कडू आणि गोड यांचा हा मेळ अपरिचित नाही. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळासोबत वाटून देतात, तेव्हा कडू आधी लागते की गोड, आणि शेवटी जिभेवर काय उरते, याकडे आपोआप लक्ष जाते. लाल एल चाखताना तेवढेच लक्ष द्यावयाचे असते.

आयर्लंड, हॉपलँड, पुणे

लाल एलचे एक मूळ आयर्लंडमध्ये आहे. तेथील लाल एल सौम्य, गोडसर आणि हॉप्सच्या बाबतीत हात राखून केलेली असते. अमेरिकेत १९७० च्या दशकानंतर छोट्या उत्पादकांची चळवळ सुरू झाली. १९७२ मध्ये प्रसारित झालेल्या 'कॅस्केड' या हॉप्सच्या वाणाने तिला मोसंबीवर्गीय फळांचा ठळक वास दिला. त्यातून आधी 'अंबर एल' आणि पुढे अधिक कडवट 'रेड आयपीए' असे प्रकार पुढे आले. 'आयपीए' म्हणजे 'इंडिया पेल एल'. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमधून हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांसाठी जहाजांनी येणाऱ्या, हॉप्स सढळ हाताने घातलेल्या फिकट एलवरून हे नाव पडले.

या इतिहासाला एक भारतीय दुवाही आहे. कॅलिफोर्नियातील हॉपलँड या गावात १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'मेंडोसिनो ब्रुइंग कंपनी'ची 'रेड टेल एल' ही अमेरिकेतील सुरुवातीच्या गाजलेल्या अंबर एलपैकी एक. गावाचे नावच हॉप्सच्या शेतीवरून पडलेले. या कंपनीचे नियंत्रण १९९७ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाकडे गेले. म्हणजे पिवळ्या लागरवर उभ्या असलेल्या भारतीय समूहाकडे सातासमुद्रापार एका लाल एलची मालकी जवळपास दोन दशके होती. भारतातील सर्वसामान्य ग्राहकाच्या पेल्यात मात्र ती चव रुळली नाही. २०१८ च्या आरंभी त्या कंपनीने आपले काम थांबवले.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची सुरुवात २००९ मध्ये पुण्यातील 'डूलाली'ने झाली, असे मानले जाते. इंग्रजीतील हा शब्द नाशिकजवळच्या देवळाली येथील लष्करी छावणीवरून आलेला. मायदेशी परतण्याची वाट पाहत कंटाळलेल्या सैनिकांच्या भ्रमिष्ट अवस्थेला तो लावला जाई. त्यानंतर पुणे आणि मुंबई येथे अनेक लहान उत्पादक उभे राहिले. बेंगळुरूत २०१० मध्ये सुरू झालेल्या 'टॉइट'ने आयरिश पद्धतीची 'टॉइट रेड' लोकप्रिय केली आणि पुढे पुणे-मुंबईतही शाखा काढल्या. 'रेड एल' हे नाव मराठी शहरी ग्राहकाच्या कानावर पडले ते प्रामुख्याने अशा ठिकाणी.

'स्ट्राँग' या शिक्क्याचा घोटाळा

महाराष्ट्रात बिअरवरील कराची वर्गवारी मद्यार्काच्या प्रमाणावर ठरते. पाच टक्क्यांपर्यंत ती सौम्य, त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंत 'स्ट्राँग'. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मानकांतही हीच सीमारेषा आहे.

करवसुलीसाठी ही रेषा सोयीची असेल. चवीसाठी ती निरुपयोगी आहे. 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम' ही १९८५ मध्ये स्थापन झालेली अमेरिकी संस्था परीक्षकांसाठी बिअरच्या प्रकारांची वर्णने प्रसिद्ध करते. तिच्या वर्णनानुसार आयरिश लाल एलमध्ये मद्यार्क ३.८ ते ५ टक्के आणि कडवटपणाचा अंक १८ ते २८ असतो. अमेरिकी अंबर एलमध्ये हेच प्रमाण ४.५ ते ६.२ टक्के आणि २५ ते ४० असे आहे. रेड आयपीएमध्ये मद्यार्क ५.५ ते ७.५ टक्के आणि कडवटपणा ४० ते ७० असतो. कडवटपणाचा हा अंक म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमधील कडू आम्लांचे मिलिग्रॅम. बाजारातील नेहमीच्या हलक्या लागरमध्ये तो १० ते २० च्या घरात असतो.

म्हणजे ६.५ टक्क्यांची रेड आयपीए आणि साडेसात टक्क्यांची गोडसर लागर या दोन्ही बाटल्यांवर एकच शिक्का बसतो. पण पेल्यात त्यांचे काहीही जुळत नाही. एकीची ताकद मॉल्ट आणि हॉप्स तोलण्यासाठी येते, दुसरीची बहुधा लवकर चढण्यासाठी. 'किती टक्के?' हा एकच प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला हा फरक कधीच कळत नाही.

पेला भरण्यापूर्वी

चवपारखीतील बहुतेक चुका घोट घेण्याआधीच झालेल्या असतात. सर्वांत मोठी चूक उष्णतेची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पुण्या-मुंबईहून आणलेली बाटली किंवा कॅन बंद मोटारीत काही तास राहिली, तर हॉप्सचा सुगंध विरू लागतो आणि बिअर शिळी होण्याचा वेग अनेक पटींनी वाढतो. लहान ब्रुअरीत थेट टाकीतून भरून दिलेली बिअर सहसा पाश्चरीकरण न केलेली असते. ती थंड पेटीशिवाय फर्दापूरपर्यंत आणणे म्हणजे ती वाया घालवणे होय. बाटलीवरील उत्पादनाची तारीख पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. 'सहा महिन्यांपर्यंत उत्तम' असे छापलेले असले, तरी हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच, तीही थंड ठेवलेली असेल तर, आपल्या खऱ्या रूपात भेटते.

उजेडाचाही धोका असतो. ऊन लागल्यास हॉप्समधील कडू द्रव्ये फुटून अत्यंत उग्र वास निर्माण होतो. पाश्चात्त्य परीक्षक त्याला 'स्कंक' या प्राण्याच्या दुर्गंधीची उपमा देतात. पारदर्शक आणि हिरव्या काचेपेक्षा तपकिरी काच बरी, आणि कॅन सर्वांत सुरक्षित.

उलट बाजूने, अतिथंडपणाही घातक. बर्फात पुरून काढलेल्या बिअरची चव जिभेला कळत नाही. सुगंधी द्रव्ये वर येत नाहीत. लाल एलसाठी ७ ते १० अंश तापमान योग्य. घरच्या फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवली, की ते साधते. पेला काचेचा, वर किंचित निमुळता आणि साबणाचा अंश नसलेला असावा. तेलकट पेल्यात फेस टिकत नाही. एका वेळी १०० ते १५० मिलिलिटर पुरे.

जेवणाचा क्रमही महत्त्वाचा. फर्दापूर खानदेशच्या उंबरठ्यावर आहे. झणझणीत शेवभाजी किंवा मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर हॉप्सचा कडवटपणा आणि तिखटाची आग एकमेकांना चेतवतात, आणि बिअर आहे त्यापेक्षा कितीतरी कडू वाटते. चव घ्यावयाची असेल तर ती जेवणापूर्वी, जोडीला साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव किंवा कोरडी भाकरी ठेवून. अनेक बिअर चाखावयाच्या असतील, तर कमी कडू ते अधिक कडू असा क्रम ठेवावा.

चाखण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी वासाची. वास पटकन उडतो, म्हणून ओतल्याबरोबर नाक पेल्याजवळ न्यावे. लाल एलमध्ये दोन वास शोधावयाचे असतात : हॉप्सचा (मोसंबीची साल, ईडलिंबू, आंबा, राळ, ताजे गवत) आणि मॉल्टचा (काकवी, टॉफी, भाजलेला पाव). यांपैकी कोणता आधी येतो आणि कोणता टिकतो, ते लगेच टिपून ठेवावे.

दुसरी पायरी रूपाची. रंग पाहण्यासाठी पेला पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरावा. पिवळ्या दिव्याखाली कोणतीही तपकिरी बिअर लाल भासते. अंबरपासून गडद तांबड्यापर्यंतची छटा अपेक्षित असते. ड्राय हॉपिंगमुळे किंचित धूसरपणा आला, तर तो दोष मानला जात नाही. फेस फिकट बदामी आणि काही मिनिटे टिकणारा असावा.

तिसरी पायरी चवीची. घोट तोंडभर फिरवावा आणि गिळावा. वाइनच्या परीक्षेत घोट थुंकण्याची पद्धत आहे. बिअरचा कडवटपणा घशाजवळ आणि गिळल्यानंतर अधिक स्पष्ट होतो, असे मानले जात असल्याने बिअरचे परीक्षक बहुधा थोडी गिळतात. आधी गोडी, मग हॉप्सचा स्वाद, शेवटी कडवटपणा असा क्रम साधारणपणे लागतो. चांगल्या कडवट लाल एलमध्ये गोडी कडवटपणाला आधार देते, पण त्याच्यावर स्वार होत नाही. शेवट कोरडा व्हावा. काकवीचा चिकटपणा जिभेवर रेंगाळू नये. कडवटपणा स्वच्छ असावा. अतिउकळलेल्या चहासारखा तुरटपणा घशात राहिला, तर काही तरी बिघडले आहे.

चौथी पायरी तोंडातील पोताची : बिअर पातळ वाटते की भरीव, बुडबुडे टोचतात की विरघळतात, मद्यार्काची ऊब आहे की जळजळ. पाचवी पायरी एकंदर ठशाची. आणखी एक पेला घ्यावासा वाटतो का, हा प्रश्न येथे प्रामाणिकपणे विचारावयाचा.

दोष ओळखताना

काही वास दोषाचीच खूण असतात. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास म्हणजे यीस्टने आपले काम पूर्ण केले नाही. उकडलेल्या मक्याचा वास उकळी अपुरी पडल्याचे सांगतो. हिरव्या सफरचंदाचा वास बिअर कच्ची असल्याचे, तर अनपेक्षित आंबटपणा जंतूंचा शिरकाव झाल्याचे लक्षण. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे प्राणवायू लागून बिअर शिळी झाली.

लाल एलच्या बाबतीत सर्वांत फसवा दोष वेगळाच आहे. फिकट बिअर शिळी झाली की पुठ्ठ्याची चव उघडी पडते. लाल एलमधील कॅरमेल मॉल्ट शिळे होताना मात्र मनुका, टॉफी, जुन्या मधाकडे झुकते. त्याच वेळी हॉप्सचा वास मावळतो आणि कडवटपणाची धार बोथट होते. परिणामी बिअर अधिक 'भरीव' आणि 'मुरलेली' भासते. नवखा चाखणारा त्यावर खूश होऊन जास्त गुण देतो. प्रत्यक्षात त्याने उत्पादकाच्या कौशल्याला नव्हे, तर गोदामातील उष्णतेला गुण दिलेले असतात. कडवट लाल एलमध्ये हॉप्सचा ताजा वास अजिबात नसेल आणि गोडीच पुढे येत असेल, तर कौतुक करण्याआधी उत्पादनाची तारीख पाहावी.

पन्नास गुणांची पत्रिका

परीक्षकांच्या प्रमाण पत्रिकेत एकूण ५० गुण असतात : वास १२, रूप ३, चव २०, पोत ५ आणि एकंदर ठसा १०. ४५ आणि त्यापुढे असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ अतिशय चांगली, २१ ते २९ चांगली, १४ ते २० बरी, आणि त्याखाली सदोष, अशी श्रेणी आहे. रूपाला तीनच गुण, तर वास आणि चव मिळून ३२. दिसण्यावर भाळण्याची मुभा ही पत्रिका देत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक रेड आयपीए घेऊ. ताजी आणि थंड अवस्थेत तिला वासाला ८, रूपाला ३, चवीला १४, पोताला ४ आणि एकंदर ठशाला ७, असे ३६ गुण मिळाले. म्हणजे 'अतिशय चांगली'. त्याच घाणीतील दुसरी बाटली दोन महिने उन्हाळ्यात फ्रिजबाहेर राहिली. तिचा वास ४ वर, रूप २ वर, चव ९ वर, पोत ३ वर आणि ठसा ४ वर आला, बेरीज २२. नाव एक, उत्पादक एक, फरक १४ गुणांचा. त्यामुळे गुण बिअरच्या नावाला दिले, असे म्हणण्यापेक्षा त्या दिवशीच्या त्या बाटलीला दिले, असे म्हणणे अधिक योग्य.

दुसरी अट प्रकाराची. स्पर्धेत बिअरची तुलना तिच्या प्रकाराच्या वर्णनाशी होते, परीक्षकाच्या आवडीशी नव्हे. आयरिश लाल एल म्हणून मांडलेली बिअर कमी कडू आहे, म्हणून तिचे गुण कापता येत नाहीत. रेड आयपीए म्हणून मांडलेली बिअर तितकीच गोडसर निघाली, तर मात्र कापावेच लागतात. स्वतःला काय आवडले, हे वेगळ्या ओळीत लिहावे; दोन्ही नोंदी खऱ्या असतात, पण त्या मिसळू नयेत. शक्य असल्यास लेबल झाकून चाखावे. किंमत आणि नाव दिसले, की जीभ त्यांच्या मागे जाते.

संकेतस्थळांवरील आकडे

इंटरनेटवर सर्वसामान्य पिणाऱ्यांनी गुण देण्याची प्रथा 'बिअरअॅडव्होकेट' (१९९६) आणि 'रेटबिअर' (२०००) यांनी रुजवली. रेटबिअरवर वासाला १०, रूपाला ५, चवीला १०, पोताला ५ आणि एकंदर ठशाला २० गुण होते. बिअरअॅडव्होकेटने चवीला ४० टक्के आणि वासाला २४ टक्के वजन दिले. २०१० मध्ये आलेल्या 'अनटॅप्ड'ने हे सारे टाळून पाच चांदण्यांचा सोपा मार्ग काढला. सोपेपणामुळे नोंदी वाढल्या; पण बिअरला साडेतीन चांदण्या का मिळाल्या, हे त्या आकड्यातून कळेनासे झाले.

या संकेतस्थळांवर कडक, अतिकडवट आणि दुर्मीळ बिअरना झुकते माप मिळते, अशी टीका सातत्याने होत आली. साध्या, समतोल लाल एलचे त्यात नुकसानच झाले. 'किती टक्के?' विचारणारा येथील ग्राहक आणि 'किती कडू?' विचारणारा परदेशी शौकीन एका अर्थाने सारखीच चूक करतात. दोघेही एका आकड्याला चव समजतात. रेटबिअरची मालकी २०१९ मध्ये 'एबी इनबेव्ह' या बिअर कंपनीकडेच गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. जवळपास पंचवीस वर्षे लाखो नोंदींचे भांडार सांभाळणारी जागा अशी मिटली. स्वतःच्या वहीतील नोंदीला पर्याय नाही, हे त्यातून शौकिनांनी घ्यावयाचे.

घोटातील पाणी

या जिल्ह्यात बिअरचे मोल ठरवताना आणखी एक बाब बाजूला ठेवता येत नाही. बिअरचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो, आणि धुणे, थंड करणे, वाफ करणे हे सारे धरता कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. वाळूजचे उद्योग पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहेत. २०१६ च्या दुष्काळात याच मराठवाड्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बिअर कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठीची कपात त्याहून बरीच कमी होती.

हा वाद उद्योग, रोजगार आणि महसूल यांच्याशी जोडलेला असल्याने तो चवीच्या चर्चेत सुटणारा नाही. तथापि, ज्या प्रदेशात पाण्याचा हिशेब असा मांडावा लागतो, तेथे बाटली केवळ झिंग येईपर्यंत रिचवावयाची वस्तू राहू नये, एवढी अपेक्षा रास्त ठरते. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. साडेसहा टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या रेड आयपीएत सुमारे १७ ग्रॅम. दोन्हींवर 'स्ट्राँग' असेच लिहिलेले. त्यातही दुसरी बाटली तिघांनी वाटून, सावकाश आणि लक्षपूर्वक चाखली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा ग्रॅमही येत नाहीत.

कायद्याची चौकट येथेही लागू आहेच. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठीही वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना अजिंठ्याचा घाट चढावा लागतो. तेव्हा चवपारखीचा कार्यक्रम मुक्कामाच्या संध्याकाळीच करावा. वहीत बाटलीचे नाव, उत्पादनाची तारीख, ती कोठून आणि कशी आणली, किती थंड होती, हे आधी लिहावे. पाच रकान्यांतील गुण त्याखाली. पुढच्या वेळी तीच बिअर वेगळी लागली, तर कारण त्या चार ओळींतच सापडेल.